हौशी बिनतारी स्पर्धांतील भाषाव्यवहार

१. स्पर्धेचे स्वरूप

शासनाचा परवाना घेऊन, आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता, स्वतःच्या केंद्रावरून बिनतारी संदेशवहन करणाऱ्या व्यक्तीस हौशी केंद्रचालक म्हणतात. बोलभाषेत त्यास 'हॅम' हा शब्द जगभर रूढ आहे. ह्या केंद्रचालकांच्या नित्याच्या संभाषणाहून अगदी निराळा असा जो एक व्यवहार आहे, तो म्हणजे त्यांच्या स्पर्धा. ठरलेल्या मुदतीत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधावयाचा, प्रत्येक संपर्कात ठरलेला मजकूर द्यावयाचा व घ्यावयाचा, आणि तो बिनचूक नोंदवावयाचा, एवढेच ह्या स्पर्धांचे स्वरूप. अमेरिकेतील हौशी संघटनेने १९२७ साली योजलेला आंतरराष्ट्रीय संदेशमेळावा हा त्यांच्या आरंभकाळातील एक टप्पा होय. आज सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या स्पर्धांत 'सी क्यू वर्ल्ड वाइड' ह्या स्पर्धेची गणना होते. तिचा ध्वनिसंभाषणाचा भाग ऑक्टोबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी आणि मोर्सलिपीचा भाग नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो. भारतीय वेळेप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला आरंभ झालेली ही स्पर्धा सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, अखंड चालते.

सर्वच सार्वत्रिक कार्यक्रम असे चढाओढीचे नसतात. बालवीरांचा 'जांबोरी ऑन द एअर' हा मेळावा दरवर्षी ऑक्टोबरात भरतो. त्यात गुण नसतात; मुलांनी दूरच्या मुलांशी मोकळेपणाने बोलावे एवढाच हेतू असतो. स्पर्धेत मात्र मोकळ्या बोलण्यास जागाच नाही, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकास तिच्यात पाहण्याजोगे पुष्कळ आहे. एका संपर्कास कित्येकदा दहा सेकंदही लागत नाहीत. वाक्ये नाहीत, क्रियापदे जवळजवळ नाहीत, विषय नाही. अशा बोलण्यास भाषा म्हणावे काय, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा असून, त्याच्या ओघात मराठीच्या अभ्यासकांपुढे असलेल्या एका कामाकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

२. संपर्काची घडण

ध्वनिसंभाषणाच्या स्पर्धेतील एक संपूर्ण संपर्क असा असतो. पहिला केंद्रचालक 'सी क्यू कॉन्टेस्ट' असे पुकारून आपली कॉलसाइन सांगतो. 'सी क्यू' म्हणजे कोणासही उद्देशून केलेली हाक. ती ऐकणारा दुसरा केंद्रचालक फक्त स्वतःची कॉलसाइन उच्चारतो. दुसरे काहीही बोलत नाही. पहिला ती कॉलसाइन परत उच्चारून 'फाइव्ह नाइन, टू टू' असे म्हणतो. दुसरा 'थँक यू, फाइव्ह नाइन, वन फोर' असे उत्तर देतो. पहिला 'थँक यू' म्हणून आपली कॉलसाइन पुन्हा सांगतो, आणि त्याच क्षणी हा संपर्क संपून पुढच्यास हाक दिली जाते.

संभाषणविश्लेषणाच्या अभ्यासकांनी १९७० नंतर ज्यास सान्निध्ययुग्म अशी संकल्पना दिली, म्हणजे हाक व ओ, प्रश्न व उत्तर ह्यांच्या अविभाज्य जोड्या, त्यांचे इतके निखळ उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. येथे युग्मांखेरीज दुसरे काही उरलेलेच नाही. शिवाय अखेरच्या 'थँक यू'ला तीन कामे करावी लागतात. आपला मजकूर पोचला ही पोच त्यात आहे, संपर्क संपल्याची खूण त्यात आहे, आणि पुढील उमेदवारास दिलेले आमंत्रणही त्यातच आहे. शब्दाचा कोशगत अर्थ आणि त्याचे व्यवहारातील कार्य ह्यांतील अंतर दाखविण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

३. स्थळाचा अंक

वरील संभाषणातील 'टू टू' म्हणजे काय, हे समजण्यासाठी एखादे ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या परिसरात, धावडा हे गाव आहे. मराठवाड्याची बोली, पूर्वेची वऱ्हाडी आणि वायव्येची खानदेशी ह्यांचे प्रदेश एकमेकांस भिडतात तो हा मुलूख. समजा, ह्या गावी एखादे हौशी केंद्र उभे राहिले. पत्रव्यवहारात त्याचा पत्ता 'मु. पो. धावडा, ता. भोकरदन, जि. जालना' असा लिहिला जाईल. नित्याच्या बिनतारी संभाषणात 'क्यू टी एच' ह्या संकेतापुढे गावाचे नाव येईल. 'मु. पो.' आणि 'क्यू टी एच' ह्यांचे कार्य एकच आहे. दोन्ही आद्याक्षरांसारखी दिसणारी, परंतु पूर्ण पदाची आठवण न करता वापरली जाणारी चिन्हे आहेत. 'क्यू'ने आरंभ होणारी ही संकेतमाला विसाव्या शतकाच्या आरंभी सागरी बिनतारी व्यवहारासाठी तयार झाली आणि १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर सर्वत्र रूढ झाली.

स्पर्धेत मात्र धावडा, भोकरदन, जालना, महाराष्ट्र ही सर्व नावे गळून पडतात. उपरिनिर्दिष्ट स्पर्धेत पृथ्वीचे चाळीस विभाग केलेले असून भारताची मुख्य भूमी बावीसाव्या विभागात येते. त्याच विभागात श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश व मालदीव हेही आहेत. सबब धावड्याचे केंद्र आणि मालदीवमधील एखाद्या बेटावरचे केंद्र दोघेही 'टू टू' एवढेच सांगतील. जर्मनीचा केंद्रचालक 'वन फोर' म्हणेल, जपानचा 'टू फाइव्ह' म्हणेल. जुलैतील आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विभागणी वेगळी असल्याने भारताचा अंक ४१ होतो. अन्य काही प्रसंगी अक्षांश-रेखांशांवरून पाडलेल्या चौकोनांचे संकेत वापरतात. भोकरदन शहर ज्या चौकोनात पडते त्याचा संकेत 'एम एल ७०' असा आहे. एकाच स्थळास तीन व्यवस्थांत तीन नावे मिळतात, आणि त्यांतील कोणतेही त्या स्थळाचे नाव नसते. नाव आणि निर्देश ह्यांतील भेद शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

गुणांची पद्धतही भाषेवर परिणाम करते. ह्या स्पर्धेत दुसऱ्या खंडातील केंद्राशी झालेल्या संपर्कास तीन गुण, आशिया खंडातीलच परंतु दुसऱ्या देशाच्या केंद्राशी झालेल्या संपर्कास एक गुण, आणि स्वदेशीय केंद्राशी झालेल्या संपर्कास शून्य गुण मिळतात. स्वदेशीय संपर्काचा उपयोग देश व विभाग ह्यांच्या गणतीपुरता होतो. अर्थातच दोन मराठी भाषकांनी स्पर्धेत एकमेकांशी बोलण्यास फारसे कारण उरत नाही. इंग्रजीतील पाचपन्नास शब्द आणि मोर्सलिपी ह्यांवर सारा व्यवहार चालतो, ह्यामागे केवळ इंग्रजीचे वर्चस्व नाही. नियमांची रचनाही आहे.

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एका प्रसंगाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात उषा मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईत गुप्तपणे 'काँग्रेस रेडिओ' चालविला. त्यावरील घोषणेत तरंगलांबी ४२.३४ मीटर असल्याचे स्पष्ट सांगितले जाई, परंतु ठिकाण मात्र हिंदुस्थानात कोठे तरी एवढेच. ओळख सांगण्याचा बिनतारी शिष्टाचार तेथेही पाळला गेला होता, पण त्याचा उपयोग ठिकाण झाकण्यासाठी होता. पोलिसांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये ते केंद्र पकडले. हौशी व्यवहाराचा दंडक ह्याच्या नेमका उलट आहे. निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांमधील संदेश अर्थ लपविण्याच्या हेतूने सांकेतिक करू नयेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. 'क्यू टी एच' किंवा 'टू टू' हे बाहेरच्यास गूढ वाटतात, परंतु त्यांचा अर्थ छापील व सर्वांस उपलब्ध असतो. संक्षेप आणि गुप्तलेखन ह्यांतील भेद त्यांच्या रूपात नाही, हेतूत आहे.

४. 'फाइव्ह नाइन'चा अर्थलोप

आता 'फाइव्ह नाइन'कडे वळावे. ऐकू येणाऱ्या संदेशाची प्रत अंकांनी सांगण्याची जी पद्धत १९३४ साली रूढ झाली, तिच्यात पहिला अंक सुबोधतेचा असून तो १ ते ५ असतो, आणि दुसरा अंक प्रबलतेचा असून तो १ ते ९ असतो. मोर्सलिपीत नादाच्या शुद्धतेसाठी तिसरा अंक जोडतात. म्हणजे 'पाच-नऊ'चा मूळ अर्थ 'आपले बोलणे पूर्णपणे सुबोध व अत्यंत प्रबळ ऐकू येत आहे' असा आहे.

स्पर्धेत प्रत्येक जण प्रत्येकास 'पाच-नऊ'च सांगतो. समोरचा आवाज गोंगाटात बुडालेला असो, त्याची कॉलसाइन तीनदा विचारावी लागलेली असो, अहवाल तोच. कित्येकदा 'फाइव्ह नाइन, पुन्हा सांगा' अशी आत्मविरोधी विनंतीही ऐकू येते. येथे चिन्हाचा वाच्यार्थ पूर्णपणे झिजलेला आहे. माहितीशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर जे आधीच निश्चित आहे ते सांगण्याने कोणतीही माहिती मिळत नाही. क्लॉड शॅनन ह्यांनी १९४८ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार ह्या दोन अंकांची माहिती शून्य भरते.

मग हे अंक टाकून का देत नाहीत? त्यांचे कार्य निराळे आहे, हे त्याचे उत्तर. मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ साली केवळ संबंध जुळवून ठेवणाऱ्या बोलण्याची जी कल्पना मांडली, आणि याकबसन ह्यांनी १९६० साली जी संदेशवाहिनी तपासण्याच्या कार्याशी जोडली, तिचे हे शुद्ध रूप होय. 'फाइव्ह नाइन' ऐकू येताच ऐकणाऱ्यास कळते की कॉलसाइन संपली, आता अंक येणार. त्या अर्ध्या क्षणात त्याचा कान नवा आवाज, त्याची पट्टी व त्याची लय ओळखून घेतो. महत्त्वाचा मजकूर त्यानंतर येतो.

मराठी वाचकास हे अपरिचित नाही. जुन्या पत्रांच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' ही अक्षरे असत. त्यांचा 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा विस्तार वाचणारा मनात करीत नसे. परंतु ती नसती तर पत्र त्यास उद्धट वाटले असते. पुढे 'येथील सर्व मंडळी खुशाल' हे वाक्य घरात कोणी आजारी असतानाही येई, आणि अखेरीस 'लोभ असावा' हे असेच. १५ जुलै २०१३ रोजी बंद झालेल्या आपल्या तारसेवेत विवाहाच्या वा दिवाळीच्या शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांकांनी ओळखली जात. पाठविणारा क्रमांक निवडी आणि घेणाऱ्याच्या हाती वाक्य पडे. हौशी केंद्रचालक निरोप घेताना 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात, तोही एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी तारबाबूंच्या अशाच क्रमांकमालेचा अवशेष आहे. शिष्टाचाराचे शब्द अर्थाने पोकळ होतात आणि कार्याने घट्ट राहतात, हा नियम पोस्टकार्डावर व लघुलहरींवर सारखाच चालतो.

५. लाघव आणि त्याची मर्यादा

मोर्सलिपीच्या स्पर्धेत ह्या पोकळ झालेल्या अंकांचे रूपही झिजते. तेथे '५९९' असे न पाठविता पाच ह्या अंकानंतर 'एन' हे अक्षर दोनदा पाठवितात. हा नुसता आळस नव्हे. त्यामागे मोजता येणारे लाघव आहे. मोर्सलिपीत बिंदू हे एक मात्रेचे, रेघ तीन मात्रांची, एकाच वर्णातील खुणांमधील विराम एक मात्रेचा आणि दोन वर्णांमधील विराम तीन मात्रांचा धरतात. नऊ ह्या अंकात चार रेघा व एक बिंदू असतो. त्यास विरामांसह १७ मात्रा लागतात. 'एन' हे अक्षर एक रेघ व एक बिंदू ह्यांचे असून त्यास ५ मात्रा पुरतात. पाच ह्या अंकास ९ मात्रा लागतात. तेव्हा '५९९' पाठविण्यास एकूण ४९ मात्रा, तर त्याच्या संक्षिप्त रूपास २५ मात्रा लागतात. मिनिटास तीस शब्दांच्या गतीने पाठविणाऱ्या केंद्रचालकास एका मिनिटात १५०० मात्रा मिळतात. एक हजार संपर्कांत त्याच्या २४,००० मात्रा, म्हणजे सोळा मिनिटे वाचतात. पाणिनीय परंपरेने सूत्रांच्या बाबतीत जपलेली लाघवाची दृष्टी येथे घड्याळ लावून तपासता येते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे लाघव सर्वत्र चालत नाही. अहवालाच्या जागी अक्षर येऊच शकत नसल्याने तेथे 'एन' व 'नऊ' ह्यांतील विरोध लुप्त झाला तरी काही बिघडत नाही. कॉलसाइनमध्ये मात्र अक्षरेही येतात व अंकही येतात; तेथे 'एन'चा अर्थ 'एन' असाच होतो आणि नवाचा अंक पूर्णच पाठवावा लागतो. वर्णविरोधाचा स्थानपरत्वे होणारा लोप स्वनविचारात सुपरिचित आहे. तो येथे कोणीही न शिकविता केंद्रचालकांच्या व्यवहारातून सिद्ध झाला आहे. जेथे पूर्वकल्पना करता येते तेथे काटकसर करावयाची, जेथे ती करता येत नाही तेथे उधळपट्टी करावयाची, असे ह्या व्यवहाराचे सूत्र सांगता येईल.

६. पुनरुक्तीचे मोल

ही उधळपट्टी कॉलसाइनच्या बाबतीत दिसते. भारतातील हौशी केंद्रांच्या कॉलसाइनी सामान्यतः 'व्ही यू' ह्या अक्षरांनी आरंभ होतात. ध्वनिसंभाषणात ही अक्षरे 'व्हिक्टर युनिफॉर्म' अशी सांगतात. एका अक्षराऐवजी आख्खा शब्द उच्चारणे वेळेच्या दृष्टीने तोट्याचे दिसते. परंतु लघुलहरींवरील ध्वनिसंभाषणात सुमारे ३०० ते ३००० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेचा पट्टा जातो. 'स'कारातील घर्षणाचा मोठा भाग ह्या पट्ट्याच्या वर असतो, म्हणून तो कापला जातो. अक्षरांच्या नावांत 'एस' व 'एफ' ह्यांतला भेद केवळ त्या घर्षणावर उभा आहे. 'सिएरा' व 'फॉक्सट्रॉट' ह्यांत मात्र एक ध्वनी बुडाला तरी स्वर, लांबी व आघात ह्यांवरून शब्द ओळखता येतो.

ही शब्दमाला सहजगत्या तयार झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने हे काम हाती घेतले, तेव्हा माँट्रिऑल विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल विने ह्यांचे साहाय्य घेतले होते. इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश भाषकांस उच्चारता व ओळखता येतील असे शब्द निवडण्याचा यत्न झाला. १९५१ साली अमलात आलेल्या यादीतील काही शब्द प्रत्यक्ष व्यवहारात फसवे ठरले. फेरतपासणीनंतर १ मार्च १९५६ पासून आजची यादी रूढ झाली.

पुनरुक्तीने शब्द राखण्याची कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. वेदपठणातील क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याबरोबर, दुसरे तिसऱ्याबरोबर अशा जोड्या उच्चारतात; जटापाठात ती जोडी सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हणतात. प्रत्येक पद शेजारच्या पदांच्या संगतीत वारंवार ऐकू आल्याने एखादी चूक शिरली तर ती लपून राहत नाही. स्पर्धेतील पहिला केंद्रचालक दुसऱ्याची कॉलसाइन परत उच्चारतो, तेव्हा तोही हेच करीत असतो. आपण काय ऐकले ते तो दाखवितो, आणि चूक असल्यास समोरच्याने ती तत्काळ दुरुस्त करावी ही अपेक्षा असते.

नोंदीच्या तपासणीमुळे ह्या शिस्तीस धार येते. स्पर्धेनंतर सर्वांचे लॉग आयोजकांकडे जातात आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी संगणकाने ताडून पाहिल्या जातात. चुकीची कॉलसाइन नोंदविल्यास त्या संपर्काचे गुण जातात, आणि वर दंडही बसतो. अनुभवी केंद्रचालकास हजारो कॉलसाइनी तोंडपाठ असतात. अर्धवट ऐकू आलेली कॉलसाइन तो स्मृतीच्या साहाय्याने पूर्ण करतो, आणि नेमका तेथेच फसतो. परिचित कॉलसाइनीसारखी भासणारी नवी कॉलसाइन त्यास परिचितच ऐकू येते. ऐकणे ही केवळ कानाची क्रिया नसून शब्दसंग्रहाच्या आधारे केलेले अनुमान आहे, ह्याचा हा रोकडा पुरावा होय.

७. आपत्काळातील कसोटी

ह्या साऱ्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यास २००४ सालच्या घटनेचा दाखला देता येतो. त्या वर्षी डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक भारती प्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेले होते. दुर्मिळ ठिकाणाहून जगभरच्या केंद्रांशी शक्य तितके संपर्क साधावे, एवढाच त्या मोहिमेचा हेतू होता. म्हणजे स्पर्धेच्याच पद्धतीचे 'फाइव्ह नाइन, थँक यू' असे संभाषण तेथे चालले होते. २६ डिसेंबर रोजी भूकंप व सुनामी झाली. दळणवळणाची नेहमीची साधने कोलमडली, आणि पोर्ट ब्लेअरच्या त्याच केंद्रावरून मुख्य भूमीशी मदतीचे व खुशालीचे निरोप जाऊ लागले. त्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ रोजी मराठवाड्यातच किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही हौशी केंद्रचालकांनी संपर्काचे काम केले होते.

तथापि येथे एक भेद नजरेआड होऊ नये. स्पर्धेत काय येणार हे ठाऊक असते. अंक कोणता, एवढेच ठाऊक नसते. आपत्तीत माणसांची नावे येतात, गावांची नावे येतात, औषधांची परिमाणे येतात. त्यांचा अंदाज बांधता येत नाही. स्पर्धेने कान, हात व धीर तयार होतो हे खरे. परंतु तिची शब्दसामग्री त्या कामास अपुरी पडते. 'येथील सर्व मंडळी खुशाल' हे वाक्य पत्रात उपचाराचे असले, तरी भूकंपानंतर तेच वाक्य अक्षरशः खरे की खोटे ह्यावर कोणाचे तरी सारे आयुष्य टांगलेले असते. झिजलेल्या चिन्हास पुन्हा पूर्ण अर्थ प्राप्त होण्याचा असा प्रसंग येतो, तेव्हा नाव चुकणे परवडत नाही.

८. मराठी नावे आणि मराठी अंक

धावडा हेच नाव पुन्हा घ्यावे. ते परदेशी वा परप्रांतीय केंद्रास सांगावयाचे तर रोमन अक्षरांत फोडावे लागेल. मराठीत 'व' हा एकच वर्ण आहे; रोमन लिपीत त्याच्या जागी 'व्ही' लिहावे की 'डब्ल्यू', ह्याचा निर्णय लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहतो. एक जण 'व्हिक्टर' म्हणेल, दुसरा 'व्हिस्की' म्हणेल, आणि नोंदीत दोन गावे होतील. 'ड' व 'द' ह्यांस रोमन लिपीत एकच अक्षर मिळते, म्हणून 'धावडा' व 'धावदा' ह्यांत फरक उरत नाही. ह्याचे कारण गोंगाट नव्हे. लिप्यंतरानेच माहिती गमावली जाते.

ह्यास उत्तर मराठीच्या घरातच आहे. शाळेत मूल 'धावडा' हा शब्द फोडते ते 'धला काना धा, व, डला काना डा' असे म्हणून. ह्या पद्धतीत व्यंजन सांगितले जाते, त्यास लागलेले चिन्ह सांगितले जाते, आणि दोहोंचा परिणाम जो उच्चार तोही सांगितला जातो. तीन अवयवांपैकी कोणतेही दोन ऐकू आले तर तिसरा काढता येतो. चूक सुधारण्याची सोय असलेली ही संकेतरचना असून ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. तिच्या जोडीला अंकलिपीतील 'क कमळाचा', 'ध धनुष्याचा' ही शब्दमाला आहेच. दूरध्वनीवर नाव सांगताना मराठी माणूस आजही तिचा आधार घेतो. उणीव एवढीच की, ही शब्दमाला मुलांस चित्रे दाखविण्यासाठी रचलेली आहे. गोंगाटात तिच्यातील कोणते शब्द एकमेकांत मिसळतात, ह्या दृष्टीने तिची निवड झालेली नाही. मराठीतील महाप्राण व अल्पप्राण ह्यांच्या जोड्या अरुंद पट्ट्यात ओळखणे कठीण. म्हणून 'द' व 'ध', 'ग' व 'घ' ह्यांच्यासाठी योजलेले शब्द अन्य सर्व बाबतींत एकमेकांपासून दूरचे असावयास हवेत.

अंकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इंग्रजीत 'फाइव्ह' व 'नाइन' ह्यांत समान स्वर असल्याने घोटाळा होतो, म्हणून विमानवाहतुकीत 'फाइफ' व 'नाइनर' असे उच्चार योजले आहेत. मराठीत घोटाळ्याची जागा निराळी आहे. चार, पाच, सात व आठ ह्या चारही अंकांत 'आ' हाच स्वर आहे. गोंगाटात व्यंजने बुडाली की हे चार अंक एकमेकांच्या फार जवळ येतात. जोडअंक तर याहून फसवे. बावन्न व ब्याण्णव, त्रेपन्न व त्र्याण्णव, एकोणसाठ व एकोणसत्तर ह्यांत चाळीस वा दहाचा फरक एखाद्या क्षीण अवयवावर टेकलेला आहे. एकोणसाठ ह्या शब्दात तर पाच व नऊ ह्यांपैकी एकही अंक ऐकू येत नाही. साठातून एक वजा करण्याचे काम ऐकणाऱ्यावर टाकलेले असते. म्हणून मराठीतून अंक सांगावयाचे झाल्यास 'पाच, नऊ' असे सुटे सांगणेच इष्ट. विशिष्ट व्यवहारासाठी अंकाचे नाव बदलण्यास मराठीची हरकत नाही, हे धान्य मापताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याच्या प्रथेवरून दिसतेच. तेथे हेतू शुभाचा आहे. स्पष्टतेच्या हेतूनेही तसे करता येईल.

९. उपसंहार

स्पर्धेतील बोलण्यास भाषा म्हणावे काय, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. त्यात हाक आहे, ओ आहे, शिष्टाचार आहे, स्थानपरत्वे बदलणारे वर्णविरोध आहेत, लाघव आहे आणि पुनरुक्तीही आहे. भाषेची बहुतेक अंगे तेथे आहेत. फक्त विषय वजा केलेला आहे. विषय वजा केल्यामुळेच ती अंगे एरवीपेक्षा स्पष्ट दिसतात.

विषय परत आणावयाचा, तोही मराठीतून व मराठी नावांसह, तर पूर्वतयारी हवी. त्यासाठी करावयाचे प्रयोग खर्चाचे नाहीत. अंकलिपीतील प्रचलित शब्द व त्यांचे पर्याय एकत्र करावेत. ते निरनिराळ्या बोलींच्या भाषकांकडून उच्चारून घ्यावेत. ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवून, त्यांत मोजून गोंगाट मिसळून, दुसऱ्या श्रोत्यांकडून ओळखून घ्यावेत. आणि कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जागी ऐकला गेला ह्याचे कोष्टक मांडावे. अंकांबाबतही हेच करावे. मराठवाडी, वऱ्हाडी व खानदेशी बोलणारे श्रोते जेथे थोड्या अंतरावर एकत्र मिळतात, असा धावड्याचा परिसर ह्या चाचणीस विशेष सोयीचा आहे. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांसाठी हे काम एका भाषाशास्त्रज्ञाच्या साहाय्याने पूर्वीच पार पडले आहे. मराठीच्या वर्णमालेसाठी ते विद्यापीठांच्या भाषाविभागांनी करावयाचे आहे.